दहा मीटर एअर रायफल: पेलेटची बॅच, ग्रुपची मोजणी आणि रोजचा सराव

स्कोअर एका जागी अडकला की नवा नेमबाज आधी रायफलवर संशय घेतो, मग पेलेटवर, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळीवर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर. हा क्रम बरोबर की उलटा, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. एक व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी), काही टार्गेट कार्डं आणि रेंजवरचे दोन-तीन तास एवढ्यात उत्तर मिळतं. चूक किती बंदुकीची आणि किती आपली हे एकदा कळलं, की पैसे कुठे घालायचे आणि घाम कुठे गाळायचा हेही कळतं.

मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या रायफलींत, विशेषतः अमेरिकेत, अचूकतेसाठी नेमबाज काडतुसं स्वतः भरतात. आपल्याकडे काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली परवान्याचा विषय आहे, त्यामुळे घरी तो प्रयोग करायचा नाही. .22 रायफलच्या काडतुसात तर ठिणगी पाडणारं मिश्रण कडेच्या घडीतच असतं. एकदा घोडा पडला की ती कड चेपते आणि रिकामी पुंगळी पुन्हा कामाची राहत नाही. म्हणून .22 चे नेमबाज बनवलेल्या काडतुसांतून आपल्या बॅरलला मानवणारा लॉट, म्हणजे एकाच खेपेचा माल, शोधतात. राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 2024 मध्ये कांस्य जिंकलं ते याच .22 रायफलवर, 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. एअर रायफललाही तेच सूत्र लागू आहे: पेलेट घडवता येत नाही, निवडता मात्र येतो.

सुरक्षेचं दोन ओळींत. रायफल हातात नसेल तेव्हा बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामं असल्याची खूण) हवाच, आणि तोंड कायम टार्गेटच्या दिशेने. पेलेट शिशाचे असतात, तेव्हा ते तोंडात धरायचे नाहीत आणि रेंजवरून उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही.

आधी टार्गेटचं माप

दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्यापुढे प्रत्येक रिंगचा व्यास 5 मिमीने वाढतो, आणि दिसणारा काळा गोल 30.5 मिमीचा असतो. पेलेट 4.5 मिमीचा असल्यामुळे त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे भोकाचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून 2.5 मिमीच्या आत असलं की 10.0. तिथून आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढतो, आणि 10.9 साठी केंद्र पाव मिलिमीटरच्या आत लागतं. थोडक्यात, 1 मिमी म्हणजे 0.4 गुण. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढचे सगळे हिशेब त्याच्यावरच आहेत. स्पर्धेच्या साठ शॉटमध्ये 630 करायचे तर सरासरी 10.5 हवी. याचा अर्थ सरासरी शॉट केंद्रापासून सव्वा मिलिमीटरच्या आत.

याच्या जोडीला आपल्या साइटचा (नेम धरायच्या साधनाचा) क्लिक मोजून घ्या, म्हणजे तिचा स्क्रू एक टप्पा फिरवला की शॉट किती सरकतो ते. कंपनी पत्रकात आकडा देते, पण रायफलीची लांबी आणि साइट कुठे बसवली आहे यावर तो थोडा बदलतो. टेका देऊन पाच शॉट मारा, 20 क्लिक उजवीकडे फिरवा, पुन्हा पाच मारा. दोन्ही ग्रुपच्या (एकत्र पडलेल्या भोकांच्या) केंद्रांमधलं अंतर भागिले 20 म्हणजे तुमचा क्लिक. बऱ्याच मॅच साइटवर तो पाव मिलिमीटरच्या आसपास निघतो. मग 20 क्लिक उलटे फिरवून आणखी पाच मारा. ग्रुप मूळ जागी आला नाही, तर साइटमध्ये ढिलाई आहे, आणि ती काढल्याशिवाय पुढची कुठलीही चाचणी निरर्थक आहे.

रायफल तपासून घ्या

पेलेटला दोष देण्याआधी स्क्रू बघा. स्टॉक आणि अॅक्शन जोडणारे बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीच्या माहितीपत्रकातल्या आकड्याइतकेच आवळायचे. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट आज घट्ट वाटतो आणि महिन्याभराने सैल होतो. डायऑप्टरचा (मागच्या साइटचा) पकड-स्क्रू, फोरसाइटची (पुढच्या साइटची) नळी, गाल टेकायचा चीक पीस, खांद्याला लागणारी बट प्लेट हे सगळं एकेक करून हलवून बघा. ग्रुप दोन ढिगांत पडत असेल, म्हणजे पाच इथे आणि पाच 4 मिमी बाजूला, तर शंभरातल्या बहुतेक वेळा साइट सैल असते किंवा गाल दोन वेगळ्या जागी टेकत असतो.

हवेचा दाब ही दुसरी जागा. मॅच रायफलचा पेलेट सेकंदाला साधारण 165 ते 175 मीटरने निघतो. दहा मीटर कापायला त्याला सुमारे 0.06 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो जवळजवळ 18 मिमी खाली येतो. वेग 1 टक्क्याने घटला तर तो आणखी 0.35 मिमी खाली पडतो. सिलिंडर सहसा 200 बारपर्यंत भरतात. दाब रेग्युलेटरच्या (हवा ठरावीक दाबाने सोडणाऱ्या झडपेच्या) किमान मर्यादेखाली गेला की शॉट एकामागून एक खाली सरकू लागतात, आणि नेमबाज बिचारा श्वासाची चूक शोधत बसतो. माहितीपत्रकात दिलेल्या किमान आकड्याच्या वर 20 बार असतानाच सिलिंडर भरून घ्या. रायफल बराच वेळ पडून असेल तर पहिले दोन शॉट वर जाऊ शकतात. रेग्युलेटरच्या पुढे, बॅरलच्या बाजूला दाब हळूहळू चढतो, त्याचा हा परिणाम. म्हणून सुरुवातीला दोन-तीन शॉट टार्गेटच्या मागच्या बांधावर, मोजणीत न धरता सोडायचे. सिलिंडरवर छापलेली तारीखही बघा. मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि ती पाळण्याची जबाबदारी नेमबाजाची आहे. सेकंडहँड रायफल घेताना विकणारा हे आपणहून सांगत नाही.

पेलेट: डब्यावर काय वाचायचं

मॅच पेलेट सपाट डोक्याचा असतो, त्यामुळे कागदात कोरीव गोल भोक पडतं. वजन बहुतेक 0.50 ते 0.54 ग्रॅम. डोक्याचा व्यास डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असा छापलेला असतो, आणि त्याच्या जवळपास बॅच नंबर. आरडब्ल्यूएस आर 10, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच ही नावं कुठल्याही रेंजवर ऐकू येतात. नवशिका इथे फसतो, कारण तो ब्रँड विचारतो. एकाच ब्रँडच्या, एकाच व्यासाच्या दोन बॅच एकाच बॅरलमध्ये वेगळ्या वागतात. साचा झिजतो, बदलतो, शिशाचा ताव बदलतो. शेजारच्या लेनवरच्याला जो डबा लागू पडला तो तुमच्या बॅरलला मानवेलच असं नाही.

सरावासाठी 4.50 पासून सुरुवात करा. पेलेट अंगठ्याने बसवताना किंचित अडतो आणि मग सरळ आत जातो, असं वाटलं पाहिजे. आपोआप घरंगळत गेला तर सैल आहे. जोर लावावा लागला तर घट्ट आहे, आणि त्या जोराने मागचा पातळ घेर वाकडा होतो. घेर वाकडा झालेला पेलेट हवा एका बाजूने जास्त सोडतो आणि 3-4 मिमी भरकटतो. नऊ पेलेट एका भोकात आणि एक लांब, असं दिसलं की आधी हे आठवा. लोडिंग करताना अंगठ्याचा दाब मधोमध, आणि लिव्हर दर वेळी सारख्याच जोराने बंद. खाली पडलेला पेलेट परत डब्यात टाकायचा नाही. तो वेगळ्या डबीत, सायटिंगसाठी (मोजणीआधीच्या साइट जुळवायच्या शॉटसाठी) सुद्धा नको.

वजन करून पेलेट वेगळे करणं हा अनेकांचा आवडता उद्योग आहे. एक मिलिग्रॅम दाखवणारा काटा असला तर करता येतो. पण चांगल्या मॅच बॅचमध्ये फरक मुळातच इतका कमी असतो, की त्या वेळात चाळीस ड्राय शॉट, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबून, मारलेले बरे. डोळ्यांनी बघून वाकडे, चेपलेले, शिशाची कुसळं आलेले काढून टाकले तरी पुष्कळ झालं.

बॅच चाचणी

क्लबमध्ये रायफल पकडणारा क्लॅम्प असेल तर उत्तम. नसेल तर टेबलावर बसून, फोरएंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली) एक आणि बट प्लेटच्या अलीकडे एक अशा वाळूच्या दोन पिशव्या. बॅरल किंवा सिलिंडर पिशवीला टेकता कामा नये, टेकला तर ग्रुप सरकतो. कागद जाड, टार्गेटचाच वापरा. वहीचा कागद फाटतो आणि भोकाची कड मोजता येत नाही.

समजा पाच बॅच आहेत. प्रत्येकीचे साठ पेलेट लागतात. रेंजवरच्या चार जणांनी आपापल्या डब्यातून साठ-साठ दिले-घेतले की नवीन डबा न फोडता काम होतं. पद्धत अशी:

1. बॅरल फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा, आणि साफ केल्यावर 15 पेलेट हिशेबात न धरता मारा. कोरडं बॅरल स्थिरावायला तेवढे लागतात.
2. पहिल्या बॅचचे 10 पेलेट बॅरलला सवय व्हायला, मग 10 चा मोजायचा ग्रुप. लगेच दुसरी बॅच, याच पद्धतीने, पाचवीपर्यंत.
3. दुसरी फेरी उलट्या क्रमाने, पाचवीपासून पहिलीपर्यंत. तिसरी पुन्हा सरळ. दमलेला हात, तापलेली खोली, उतरलेला दाब यांचा फटका एकाच बॅचला बसू नये म्हणून हा क्रम.
4. प्रत्येक कार्डावर बॅच नंबर, फेरी आणि सिलिंडरचा दाब तिथल्या तिथे लिहा. नंतर आठवत नाही.
5. व्हर्नियरने भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून 4.5 वजा करा. उरतं ते केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर.

पाच शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका. पाचात नशीब चालतं, दहात कमी चालतं. तीन ग्रुपची सरासरी धरा आणि सगळ्यात लहान ग्रुपच्या मोहात पडू नका. उदाहरणार्थ एका बॅचचे बाहेरून मोजलेले, 4.5 वजा न केलेले आकडे 6.1, 6.4, 5.9 आणि दुसरीचे 5.6, 7.4, 6.3 आले. फोटो काढून पाठवावासा वाटेल तो 5.6 चा. घ्यायची मात्र पहिली बॅच. सरासरी थोडी कमी आहेच, शिवाय तीनही वेळा ती सारखी वागली आहे. आणि दोन बॅचच्या सरासरीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी असेल आणि दोन्ही तीनही वेळा सारख्याच वागल्या असतील, तर दोन्ही सारख्याच समजून स्वस्त पडेल ती उचला.

बाहेरून 6 मिमी म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत 1.5. ग्रुप मधोमध बसला तर सगळ्यात वाईट पेलेटही 10.7 च्या आसपास राहतो. बाहेरून 8 मिमी असेल तर नेम परफेक्ट असूनही एखादा 10.2 किंवा 10.3 दाखवेल. जमलेली बॅच सापडली की मोसमाला पुरतील एवढे डबे एकदम घ्या, कारण पुढच्या खेपेला तोच नंबर मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही.

आता खरा हिशेब

बंदुकीचा पसारा आणि नेमबाजाचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. नवशिक्याचा उभ्याने ग्रुप समजा केंद्रापासून केंद्रापर्यंत 12 मिमीचा. बॅच 1.5 ची असेल तर एकूण 12.1, आणि 3.5 ची असेल तर 12.5. फरक 0.4 मिमी, टार्गेटवर दिसणारही नाही. हाच हिशेब 4 मिमीत मारणाऱ्या नेमबाजाचा करा: 4.3 आणि 5.3. इथे पूर्ण एक मिलिमीटर गेला. म्हणून राष्ट्रीय संघातले खेळाडू बॅचवर दिवस घालवतात ते योग्य आहे, आणि पहिल्या वर्षात तुम्ही तसं करणं वेळेचा अपव्यय आहे. एकदा चाचणी करा, बरी बॅच घ्या आणि वर्षभर पेलेटचा विषय बंद. तुमचे 12 मिमी 8 वर आणायचं काम पोझिशन आणि ट्रिगरचं.

उभं राहणं

उजव्या हाताच्या नेमबाजाने डावी बाजू टार्गेटकडे, पाय खांद्याएवढे लांब. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवा, पोटाच्या मऊ भागावर नको. रायफलचं वजन, नियमाप्रमाणे कमाल 5.5 किलो, हाडांवरून जमिनीत उतरलं पाहिजे. डावा दंड थरथरतोय म्हणजे वजन स्नायूंनी धरलं आहे. डोकं रायफलकडे न्यायचं नाही, रायफल डोक्याकडे आणायची. त्यासाठीच चीक पीस आणि बट प्लेट सरकतात.

मग नैसर्गिक रोख तपासा. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, खांदे सैल करा, डोळे उघडा. रायफल काळ्याच्या डावीकडे बघत असेल तर हाताने ओढून आणू नका. मागच्या पायाची टाच बोटभर सरकवा आणि पुन्हा तपासा. रोख वर-खाली असेल तर बट प्लेट किंवा पुढच्या हाताची जागा बदला. हाताने ओढून धरलेली रायफल ट्रिगर सुटताक्षणी आपल्या जागी परत जाते, आणि शॉट तिच्या मागोमाग. नव्या नेमबाजांचे आडवे पसरलेले ग्रुप बहुतांशी इथून येतात.

रायफल कलते का, हेही बघा. कल असणं चूक नाही, पण तो दर शॉटला तोच हवा. वर सांगितलेल्या 18 मिमीच्या घसरणीमुळे 5 अंशाचा कल शॉटला दीड मिलिमीटर बाजूला नेतो. सहा दशांश तिथेच गेले. फोरसाइटमधल्या आडव्या रेषा किंवा छोटा स्पिरिट लेव्हल याचसाठी असतो.

फोरसाइटची रिंग सुरुवातीला मोठी घ्या, 4.0 मिमीच्या पुढेमागे, म्हणजे काळ्याभोवती पांढरा पट्टा स्वच्छ दिसेल. बारीक रिंग लावली की डोळा प्रत्येक हालचाल मोठी करून दाखवतो, बोट घाबरतं आणि शॉट अडतो. दुसरा डोळा मिटू नका, त्याच्यापुढे अर्धपारदर्शक ब्लाइंड (झाकणारी पट्टी) लावा.

ट्रिगर आणि वेळ

नवशिक्याला ट्रिगर 100 ते 150 ग्रॅमच्या दरम्यान बरा. अगदी हलका ठेवला तर शॉट मनाविरुद्ध सुटतो. रायफल काळ्यावर उतरताना पहिला टप्पा दाबून ठेवायचा, श्वास अर्धा सोडून थांबायचा, आणि रिंग स्थिरावली की दुसरा टप्पा सरळ मागे. पहिल्या स्थिर क्षणापासून 5 ते 8 सेकंदांत शॉट जायला हवा. दहा सेकंद झाले तर रायफल खाली ठेवा. त्यापुढे डोळ्यात काळ्याची ठसठशीत प्रतिमा राहून जाते आणि चित्र खरं वाटत असूनही खरं नसतं. स्पर्धेत 60 शॉटला 75 मिनिटं असतात, शॉटमागे सव्वा मिनिट. खाली ठेवायला वेळ भरपूर आहे, पण नवे लोक रायफल खाली ठेवायला लाजतात.

शॉट सुटल्यावर दोन सेकंद तसंच उभं राहा आणि रिंग कुठे थांबते ते बघा. यालाच फॉलो थ्रू म्हणतात. मॉनिटरकडे नजर नंतर. नजर टाकण्याआधी स्वतःशी सांगा: "साडेदहा, दोन वाजता," म्हणजे 10.5 आणि घड्याळात दोनचा आकडा असतो त्या दिशेला. मग पडताळा घ्या. सांगितलेलं आणि दिसलेलं सतत एका रिंगहून जास्त चुकत असेल तर शॉटच्या क्षणी डोळा मिटतोय. सांगितलेलं तंतोतंत जुळतंय पण सगळेच एका बाजूला जाताहेत, तर क्लिक फिरवा.

आठवड्याचा सराव

आठवड्यात तीन दिवस रेंज, तीन दिवस घरी ड्राय, एक दिवस सुट्टी. घरी ड्राय सरावाला दहा मीटर लागत नाहीत. पाच मीटरवर 15.25 मिमीचा काळा गोल चिकटवला की तो तेवढाच दिसतो. स्पर्धेत टार्गेटचं केंद्र जमिनीपासून 1.40 मीटरवर असतं. तुमच्या साइटची उंची 1.50 असेल तर पाच मीटरवर गोल 1.45 ला लावा, म्हणजे रायफलचा कोन तोच राहील. ट्रिगर रायफलच्या ड्राय सोयीवर ठेवा, आणि बॅरल रिकामं आहे हे आधी डोळ्यांनी बघून घ्या. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत.

ड्रायचा एक दिवस साधारण पाऊण तासाचा. पाच मिनिटं कंबर आणि मानेचे व्यायाम. मग कोऱ्या भिंतीकडे रोखून 40 सेकंदांचे आठ होल्ड, मध्ये मिनिटभर विश्रांती. इथे ट्रिगर नाही, फक्त तोल. नंतर गोलावर 30 ड्राय शॉट, प्रत्येकाला पूर्ण फॉलो थ्रू. मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात नेमबाजीचं जॅकेट घालून हे करणं नको वाटतं. पंखा लावा, हवं तर शॉट 20 करा, पण जॅकेट काढू नका. जॅकेटशिवायची पोझिशन वेगळी असते आणि तिचीच सवय लागते.

रेंजच्या दिवशी 10 सायटिंग, मग 40 शॉट. पहिल्या दोन महिन्यांत त्यातले 20 कोऱ्या पांढऱ्या कार्डाच्या मध्यावर मारा. रिंग नाही म्हणजे गुण नाहीत, उरतो फक्त ग्रुप. दहा-दहाचे ग्रुप मोजून वहीत लिहा, सोबत तारीख, बॅच, दाब, झोप आणि एक वाक्य. "उजवीकडे गेले, टाच" एवढं पुरतं. ग्रुप वर-खाली लांबत असेल तर श्वास, गालाचा दाब किंवा सिलिंडर. आडवा लांबत असेल तर पाय आणि कल. खाली-उजवीकडे ओघळत असेल तर उजव्या हाताच्या नेमबाजाचं बोट ट्रिगर हिसकतंय.

एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. बट प्लेट, रिंगचा आकार आणि पायाचं अंतर एकाच दिवशी बदललं तर फरक कशाने पडला ते कळत नाही. चांगला दिवस आला तरी तो पुन्हा आणता येत नाही.

बॅच चाचणी पुन्हा करायची वेळ वहीच सांगेल. उभ्याने तुमचे दहाचे ग्रुप महिनाभर 7 मिमीच्या खाली येऊ लागले की पेलेटचा विषय पुन्हा उघडा. त्याआधी बॅरल बदललं किंवा आवडता डबा संपला, तरच. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मात्र नवा डबा फोडायचा नाही, साइट खोलायची नाही आणि बॅरल साफ करायचं नाही. साफ करायचं असेल तर तीन दिवस आधी, म्हणजे मधल्या सरावात ते पुन्हा स्थिरावतं.